बशीत काहीतरी हलतंय

ताई,

चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बुसानला आले. जहाजांच्या आराखड्यांचं काम आहे, माणसं चांगली आहेत, खोलीतून समुद्र दिसतो. अडचण फक्त जेवणाची. मी मासे खाऊनच वाढले, म्हणून समुद्रकाठचं शहर मिळालं याचा आनंद झाला होता. पण इथलं मासे खाणं म्हणजे वेगळंच प्रकरण निघालं. दुसऱ्याच आठवड्यात टीमचं जेवण होतं. सान्नाक्ची मागवली. बशीत ऑक्टोपसचे तुकडे वळवळत होते. आमच्या टीम लीडरनी मोठ्या प्रेमाने एक तुकडा माझ्या बशीत ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून घातला तोंडात. तो आतून गालाला चिकटला आणि मी उठून पळाले. कोणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून दर वेळी 'पोट बिघडलंय' सांगून टाळते, आणि आता सगळे माझ्या पोटाची चौकशी करतात. रात्री खोलीत एकटी पाकिटातल्या नूडल्स खाते. आई फोनवर म्हणते, तिकडे काहीबाही खाऊ नकोस.

आता छुसॉकच्या, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाच्या, सुट्टीत टीममधल्या मैत्रिणीने तिच्या आईकडे मोकफोला बोलावलंय. आई माझ्यासाठी खास होंगॉ, म्हणजे मुरवलेला पाकट मासा, आणणार आहे म्हणे. होंगॉबद्दल वाचलं आणि घाबरले. तीन आठवडे हातात आहेत. मला जायचं मात्र नक्की आहे. मी डुकराचं मांस खात नाही, कोळंबीने कधीकधी ओठांना खाज येते, बाकी सगळं चालतं. मी कोत्या मनाची आहे का? स्वतःवर जबरदस्ती करू का?

— अर्ध्या ताटावरून उठलेली

*

अर्ध्या ताटावरून उठलेल्या मुली,

वळवळणाऱ्या ऑक्टोपसवर तू दहा ओळी लिहिल्यास आणि ओठांच्या खाजेवर अर्धी. मी पत्र वाचलं आणि त्या अर्ध्या ओळीवरच थांबले. ऑक्टोपसकडे येऊच, होंगॉकडेही येऊ, पण आधी कोळंबी.

कोळंबी खाल्ल्यावर ओठांना खाज येणं ही अ‍ॅलर्जीची सुरुवात असू शकते. 'कधीकधीच येते' यात दिलासा मानू नकोस. अशी अ‍ॅलर्जी दहा वेळा ओठांवर भागते आणि अकराव्या वेळी घसा सुजवू शकते. कोळंबीतलं ज्या प्रथिनामुळे हे बहुतेकदा होतं ते, ट्रोपोमायोसिन, उकळून किंवा तळून नाहीसं होत नाही. त्यामुळे 'नीट शिजवलेलं असलं की चालेल' हा हिशेब इथे लागू नाही. हेच प्रथिन थोड्या फरकाने खेकड्यात असतं आणि किड्यांतही असतं. कोरियात रस्त्यावर कागदी पेल्यात वाफाळते तपकिरी दाणे विकतात, त्यांना पॉन्देगी म्हणतात. ते रेशमाच्या कोशातले किडे. कोळंबी सोसत नसलेल्या माणसाने केवळ हौस म्हणून तो पेला उचलू नये. पुढेमागे तू 'धाडसी' व्हायचं ठरवशील आणि सगळ्यात सोपी म्हणून हीच वस्तू निवडशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आणि कोरियात कोळंबी दिसेल तिथेच असते असं नाही. किमचीत बहुधा सेऊजॉत असतं, म्हणजे बारीक कोळंबी मिठात मुरवून केलेलं खारवण. वाफवलेल्या अंड्यात, कितीतरी सुपांत मिठाऐवजी तेच घालतात. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे किमच्या पाकिटावरसुद्धा पुष्कळदा सूचना असते की हे शेवाळ जिथे वाढतं तिथे खेकडे आणि कोळंबी असतात. तू चार महिने किमची खात असशील आणि काही होत नसेल तर चांगलंच आहे, डॉक्टरांना तेही सांग. पण याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलच्या अ‍ॅलर्जी विभागात जा. कोळंबी, खेकडा, शिंपल्या, माकूल, ऑक्टोपस, प्रत्येकाचं नाव घेऊन विचार, कारण एक बाधतं म्हणून दुसरं बाधेलच असं नाही आणि बाधणार नाही असंही नाही. रिपोर्ट हाती येईपर्यंत कोळंबी, खेकडे, पॉन्देगी पूर्ण बंद. एक वाक्य पाठ कर: 'सेऊ अल्लेरगी इस्सॉयो', मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. आणि खाल्ल्यावर कधी आवाज घोगरा झाला, श्वास लागला, अंगावर गांध्या उठून चक्कर आली तर 'बघू थोडा वेळ' करत बसू नकोस, ११९ ला फोन लाव. तिथे अँब्युलन्सचा तोच नंबर आहे.

एवढं झालं की मग गंमत.

मी त्या शहरात सहा वर्षं काढली. पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं आणि मोड आलेल्या सोयाबीनचा लालभडक रस्सा वाढला. त्यात बोराएवढ्या, सुरकुतलेल्या, देठ असलेल्या गोळ्या होत्या. बाई काहीतरी कळवळून सांगत होत्या. माझं कोरियन तेव्हा 'हो', 'नाही' आणि 'किती झाले' एवढंच. मला वाटलं, त्या म्हणताहेत खा, लाजू नका. मी एक गोळी टाकली तोंडात आणि दाढेखाली कचकन फोडली. आतून उकळतं पाणी उसळलं. टाळू भाजली ती आठवडाभर तशीच. त्या गोळीचं नाव मिदॉदॉक, समुद्रतळाला चिकटून राहणारा एक जीव, आणि बाई सांगत होत्या की आधी हळूच चावून पाणी निघू दे. पुढे दोन वर्षं मी मिदॉदॉककडे ढुंकून पाहिलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे तुला सांगायला नको. तुझं सध्या तेच झालंय. एका चिकटलेल्या तुकड्यामुळे तू बुसानचा अख्खा चागाल्छी मासळीबाजार फुंकून पितेयस.

आता सान्नाक्ची. ती तुझ्या बशीत का हलत होती? ऑक्टोपसच्या अंगात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश त्याच्या भुजांमध्ये असतात, डोक्यात नाहीत. त्यामुळे भुजा कापून वेगळी केली तरी ती काही वेळ आपल्या आपण आखडते, पसरते, चोषकांनी जे सापडेल त्याला धरून ठेवते. तुकडा तुला ओळखून चिकटला नव्हता, गाल सापडला म्हणून गालाला चिकटला. जे खातात ते तिळाच्या तेलात बुडवून खातात आणि चावत राहतात, पार शेवटची हालचाल थांबेपर्यंत. न चावता गिळल्यामुळे तुकडा घशात चिकटून माणसं दगावल्याच्या घटना खुद्द कोरियात घडलेल्या आहेत. सोबत सोजूचे, म्हणजे तिथल्या दारूचे, पेले चाललेले असतात, हसणं-बोलणं चालू असतं, त्यात हा धोका वाढतो. म्हणजे तू पळालीस ते तुझ्या घशाच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं.

ती तू कधीच खाल्ली नाहीस तरी काही बिघडत नाही. माझं मत विचारशील तर मीही खात नाही. एकदा खाल्ली, वाईट लागली नाही, पण हलणाऱ्या जिवावर दात रोवणं मला जमलं नाही आणि जमवून घ्यावंसंही वाटलं नाही. ब्रिटनने २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनेविषयी जो कायदा केला त्यात पाठीचा कणा नसलेल्यांपैकी ऑक्टोपस आणि त्याच्या जातभाईंना खेकडे-कोळंब्यांबरोबर जागा दिली, कारण त्यांना वेदना होतात याचे पुरावे पुरेसे आहेत असं तिथल्या अभ्यासकांनी मानलं. हे तू जेवणाच्या टेबलावर ऐकवावंस असं मुळीच नाही. टेबलावर शेजारच्याच्या बशीबद्दल बोलू नये, इथेही आणि तिथेही. पण मनातल्या मनात 'मी भित्री आहे' असं जे घोकतेयस ते थांबव. हलतंय म्हणून नको, हे कारण तुझं तुला पुरेसं आहे.

मग जबरदस्ती कशावर करायची? कशावरच नाही. पण सराव करायचा, आणि तो टीमच्या जेवणात करायचा नाही. तुझी खरी चूक तिथे झाली, आणि ती तुझ्या एकटीची नव्हती. आयुष्यातला पहिला घास, तोही असा, दहा जोडी डोळ्यांसमोर, वरिष्ठांच्या हातून, नाही म्हणायची सोय नसताना घेतलास. अशा वेळी लाडूसुद्धा घशात अडकेल.

रिपोर्ट आला की एखाद्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला चागाल्छीला जा. सोबत एकच माणूस, बहुतेक तीच मोकफोवाली मैत्रीण. दारू नको, पोट अर्धं भरलेलं असू दे. खाली टाक्यांमधून मासे पोहताना दिसतील आणि रबरी बूट घातलेल्या आज्या-मावश्या हाका मारतील. घाई करतील, ती त्यांची पद्धत आहे, रागावल्यासारखं बोलतात पण रागावलेल्या नसतात. आधी नुसती चक्कर मार. नावं विचार. हात लावून बघ. नाव कळलं, जीव कसा जगतो ते कळलं की निम्मी किळस उतरते असा माझा अनुभव आहे. मासा खाली निवडून कापून घ्यायचा आणि वर जाऊन बसायचं. वरच्या मजल्यावरचे लोक पानं, लसूण, मिरच्या, चटण्या मांडून देतात, त्याचे माणशी काही हजार वॉन वेगळे घेतात. हे दोन ठिकाणचे दोन हिशेब आहेत, हे आधी माहीत असलं की फसवल्यासारखं वाटत नाही.

पहिल्या दिवशी क्वांगॉ घे. चपटा, पांढरा, जवळजवळ वास नसलेला मासा. कच्चा असतो, हे खरं. पण कच्चेपणाची भीती ही बहुतेक वासाची आणि लिबलिबीतपणाची भीती असते, आणि क्वांगॉ यातलं काहीच करत नाही. तो चावायला घट्ट असतो. एक काप छोजांगमध्ये, म्हणजे त्या आंबट-गोड-तिखट लाल चटणीत, बुडव. पेरिलाच्या पानात गुंडाळ, लसणाची एक चकती घाल, आणि एका घासात खा. खरं सांगायचं तर पहिल्या घासाला तुला चटणी आणि पानच लागेल. चालेल. दुसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या घासाला मासा लागेल. उरलेल्या हाडा-डोक्यांचा ते तिथेच मेऊनथांग करून देतात, झणझणीत रस्सा, आणि त्यावर भात. तो तुला आवडणार याची मी लेखी हमी देते. फक्त करण्याआधी कोळंबीचं सांग.

त्यानंतर, त्याच दिवशी नव्हे, मॉंगे. नारिंगी-लाल, अंगभर गाठी असलेला, अननसाचं आणि हृदयाचं लग्न लावल्यासारखा दिसणारा जीव. मोठा झाला की खडकाला चिकटून समुद्राचं पाणी गाळत बसतो. पण पिल्लू असताना पोहतो आणि तेव्हा त्याच्या शेपटीत कण्याचा पूर्वज म्हणावा असा दांडा असतो, म्हणून शास्त्राच्या वंशावळीत तो शिंपल्यांपेक्षा तुझ्या-माझ्या जवळचा. (नातेवाईक म्हटल्यावर खावंसं वाटेना तर माझा दोष नाही.) चव आधी खारट, मग कडवट, लोखंडी, आणि गिळून झाल्यावर बराच वेळ गोड. नुसता खाल्लास तर पहिल्यांदा दचकशील. त्यापेक्षा त्याचा भात मिळतो, मॉंगे-बिबिमबाप, भातात बारीक तुकडे, शेवाळ, तीळ आणि तेल. भात मधे आला की परकं अन्न पाहुण्यासारखं वागतं, अंगावर येत नाही. माझा मॉंगेशी समेट या भातानेच झाला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. केबुल म्हणजे गुलाबी, फुगीर, समुद्री अळी. दिसायला भयंकर, चवीला गोडसर आणि करकरीत. कधी वाटलं तर खा, नाही वाटलं तर जग थांबत नाही. कोमजांगॉ, ज्याला सगळे बामच समजतात पण जो जबडा नसलेला वेगळाच जीव आहे, तो सोलून तव्यावर टाकल्यावरही वळवळतो. तुला सध्या नको. विषारी फुग्या माशाचा सूप तिथे खूप लोकप्रिय आहे, पण तो फक्त परवाना असलेल्या स्वयंपाक्याच्या हातचा. त्या विषावर उतारा नाही, तेव्हा कोणी घरी पकडून आणलेला असेल तर उठून चालू लाग. कानजांग-केजांगला, सोयासॉसमध्ये मुरवलेल्या कच्च्या खेकड्याला, 'पाप-तोदुक' म्हणजे 'भातचोर' म्हणतात, कारण त्याच्यासोबत वाटीमागून वाटी भात कधी संपतो ते कळत नाही. तुझ्या ओठांचा निकाल लागेपर्यंत हा चोर दाराबाहेर.

आईचं 'काहीबाही' अगदीच चुकीचं नाही, फक्त तिला कोणतं काहीबाही ते सांगता येत नाही, म्हणून मी सांगते. नदी-तळ्यातला मासा कच्चा कधीही खायचा नाही. त्यातून यकृतात राहणारे कृमी होतात आणि कोरियात नद्यांच्या काठच्या गावांमध्ये हा जुना आजार आहे. समुद्राच्या माशातही अ‍ॅनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. ती शिजवल्याने मरते, नीट गोठवल्याने मरते, पण सोजूने, व्हिनेगरने किंवा वासाबीने मरत नाही, टेबलावर कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळ आली तर डॉक्टरांना 'कच्चा मासा खाल्ला' हे आधी सांगायचं. कडक उन्हाळ्यात कच्च्या शिंपल्या, हिवाळ्यात कच्ची कालवं जपून, यकृताचा आजार असलेल्यांनी तर उन्हाळ्यात कच्चं समुद्री काही खाऊच नये. वसंतात दक्षिण किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत कधीकधी असं विष साठतं की जे उकळूनही जात नाही, त्या काळात सरकार गोळा करायलाच बंदी घालतं, तेव्हा हौसेने खडकावरून स्वतः वेचून आणायच्या नाहीत. आणि २०१९ साली कोरियात हेपॅटायटिस 'ए'ची जी मोठी साथ आली तिचं मूळ खारवलेल्या कच्च्या शिंपल्यांत सापडलं होतं. त्याची लस असते. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जातेच आहेस तर त्याच फेरीत विचारून टाक.

आणि रोजच्या नूडल्स बंद. रोज कच्चं खा असं कोण म्हणतंय? भाजलेला बांगडा मिळतो, ताज्या भातासोबत, चागाल्छीच्या गल्लीतच. मियॉक्कुक, शेवाळाचं सूप, तिथे वाढदिवसाला आणि बाळंतिणीला देतात. आणि एक मासा तर आपल्यासारख्या भाषा-वेड्या लोकांसाठीच जन्माला आलाय. नाव म्यॉंगथे. ताजा असला की सेंगथे, गोठवला की तोंगथे, वाळवला की पुगॉ, अर्धवट वाळवला की खोदारी, पिल्लू असेल तर नोगारी, आणि डोंगरात हिवाळाभर टांगून रात्री गोठत दिवसा वितळत पिवळा झाला की ह्वांगथे. मासा एकच. ज्या लोकांनी एका माशाला एवढी नावं ठेवली त्यांचं खाणं तू 'वळवळणारं' या एका शब्दात बसवलंस, एवढीच माझी तुझ्यावर तक्रार आहे.

ऑफिसच्या जेवणांचं काय करायचं? 'पोट बिघडलंय' आता पुरे. चार महिने पोट बिघडलेल्या माणसाची लोकांना खरीच काळजी वाटते. तुमच्या टीममध्ये जेवणाची जागा ठरवणारा, पैसे गोळा करणारा कोणी धाकटा असेल, त्याला छोंगमू म्हणतात. पुढच्या जेवणाच्या दोन दिवस आधी त्याला गाठ आणि खरं सांग: हलणारं मला जमत नाही, कोळंबीचा त्रास आहे, डुकराचं मांस खात नाही, बाकी सगळं खाते. शेवटचं जोरात सांग. आयत्या वेळी टेबलावर नाही म्हटलं की ते माणसाला नाही म्हटल्यासारखं होतं. दोन दिवस आधी सांगितलं की तो फक्त जागा ठरवण्याचा प्रश्न उरतो. आणि टीम लीडरनी बशीत काही ठेवलं तर ते प्रेमच आहे, दोन्ही हातांनी बशी पुढे कर, हसून म्हण 'छोगुम्मान जुसेयो', थोडंसंच द्या. खाल्लं नाहीस तर बशीत राहू दे. कोणी बशी मोजत नाही. पण तुझा पेला उचलायचा तेव्हा उचल, त्यात पाणी असलं तरी, आणि मोठ्यांनी चॉपस्टिक हातात घेण्याआधी तू घेऊ नकोस. माझ्या सहा वर्षांत मी किती खाल्लं याची कोणी आठवण काढली नाही. पेला उचलायला विसरले त्याची मात्र अजून काढतात.

आता मोकफो.

होंगॉ म्हणजे पाकट जातीचा मासा. शार्क आणि पाकट यांची हाडं कूर्चेची असतात आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकावं म्हणून ते रक्तामांसात युरिया साठवतात. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. त्या अमोनियामुळे सडवणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही, म्हणून होंगॉ कुजत नाही, मुरते. असं सांगतात की हुकसान बेटावरून होडीने यॉंगसानफोला यायला पुष्कळ दिवस लागायचे, वाटेत बाकीचे मासे नासायचे, आणि एवढी एक होंगॉ खाऊन कोणाला काही व्हायचं नाही. बेटावरचे लोक ती ताजीच पसंत करतात. मुरवायचं वेड किनाऱ्यावरचं.

वास कसा? सार्वजनिक मुतारीसारखा, खोटं कशाला बोलू. मी पहिल्यांदा ग्वांगजूला एका लग्नात खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकात झिणझिण्या, डोकं एकदम साफ. नवऱ्यामुलाची आजी माझ्या पाठीवर थापट्या मारत खो खो हसत होती. तिसऱ्या तुकड्याला मला तिच्यात एक थंड, टोकदार मजा वाटायला लागली आणि पाचव्याला मी स्वतःहून चॉपस्टिक पुढे केली. तुझंही असंच होईल म्हणून सांगत नाही. माझ्यासोबत लग्नाला आलेली दुसरी बाई पहिल्या तुकड्यानंतर जी अंगणात गेली ती थेट नारळ... म्हणजे तिथल्या रिवाजाप्रमाणे भेटवस्तू घ्यायलाच परत आली.

पण तुला एक गोष्ट माहीत नाही. तुझं बुसान ग्यॉंगसांग भागात आहे आणि होंगॉ जॉल्ला भागाची, मोकफोच्या बाजूची. तुझ्या टीममधल्या, ते वळवळणारे तुकडे चवीने खाणाऱ्या माणसांना विचार, किती जणांनी होंगॉ तोंडात घातलीय. मला वाटतं निम्मे नाक मुरडतील. सोलमधलेही खूपसे मुरडतात. मग ते कोत्या मनाचे का? तुझी मैत्रीण रोज याच लोकांच्यात राहते. तिच्या आईने तुझ्यासाठी होंगॉ आणायची ठरवली यात परीक्षा घेणं नाही, जॉल्लात मानाच्या पाहुण्याला होंगॉशिवाय पान वाढलं तर ते पान अपुरं समजतात.

म्हणून मैत्रिणीला आधी सगळं सांग. कोळंबीचं आधी, डुकराचं नंतर, कारण होंगॉ सामहापमध्ये खातात, म्हणजे होंगॉ, जुनी किमची आणि उकडलेलं डुकराचं मांस एका घासात, आणि त्या मांसाशेजारच्या छोट्या वाटीत बहुतेक सेऊजॉतच असतं. तू होंगॉ आणि किमची एवढंच घे, तेही किमचीत काय आहे ते विचारून. कमी मुरलेली आणायला सांग, दुकानात प्रकार असतात आणि मागितली की मिळते. आणि हे लक्षात ठेव: शिजवलेली सौम्य असेल असं समजून वाफवलेल्या होंगॉकडे किंवा तिच्या सूपाकडे वळू नकोस. गरम झाली की अमोनिया दुप्पट अंगावर येतो. त्या सूपाने तोंडाची साल निघालेली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्यांदा थंड काप, तोही लहान. आत मऊ कूर्चा कुरकुरेल, ती खायची असते, काढत बसू नकोस. घास तोंडात असताना नाकाने खोल श्वास घेऊ नकोस. सोबत माक्कॉल्ली देतील, तांदळाची दुधी दारू. घेत असशील तर एक घोट, नसशील तर पाणी.

एक तुकडा. तो आवडला नाही तर तसंच सांग, 'मला जड गेलं, पण खाल्ली.' मावशी हसतील, टाळ्या वाजवतील, आणि मग दहा दुसऱ्या बशा पुढे सरकवतील, ज्यांच्यातल्या आठ तुला आवडतील. आणि घरात शिरताच वासाने पोटात ढवळलं तर तो एक तुकडाही नको. मैत्रिणीला डोळ्याने खूण करायची असं आधीच ठरवून ठेवा. 'छाल मॉक्केस्सुम्निदा', छान जेवते, असं म्हणून जेवायला बस, बाकी ती सांभाळेल.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. छुसॉकला फळांची पेटी नेतात, मोठ्या नाशपातींची. जड असते, पण ट्रेनमध्ये सगळ्यांच्याच हातात असते. घरी घालायचा जुना स्वेटर ने, वास कपड्यांना धरतो. आणि आईला व्हिडिओ पाठवू नकोस. फोटो पाठव, नाशपातींचा.

होंगॉ खाल्लीस तर कळव, नाही खाल्लीस तरी कळव. पण त्याआधी, येत्या आठवड्यात, मला फक्त ओठांचा रिपोर्ट काय आला तेवढं लिही.

तुझी,
ताई